वाळूला आलेले मोल : आर्दलो या फ्रेंच स्नानग्रामाचा इतिहास

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, बुलोन या जुन्या बंदराच्या दक्षिणेस सुमारे पंधरा किलोमीटरवर, आर्दलो नावाचे एक लहान गाव आहे. मूळ नावाच्या आरंभीचा 'ह' आणि शेवटचा 'ट' फ्रेंच माणूस उच्चारत नाही. इंग्रजी वळणाने मात्र हेच नाव 'हार्डेलॉट' असेही लिहिले जाते. कारभाराच्या दृष्टीने ते नफशातेल-आर्दलो या 'कम्यून'मध्ये, म्हणजे आपल्याकडील ग्रामपंचायत आणि नगरपालिका या दोन्हींच्या जागी फ्रान्समध्ये असलेल्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत, मोडते. या जोडनावातले नफशातेल हे किनाऱ्यापासून थोडे आत वसलेले जुने शेतकऱ्यांचे गाव, तर आर्दलो ही समुद्रालगतची नवी वस्ती होय. दोन्ही मिळून लोकसंख्या चार हजारांच्या आसपास भरते आणि उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत ती कितीतरी पटींनी वाढते. अशा वस्तीला फ्रेंच भाषेत 'स्तास्याँ बालनेएर', म्हणजे शब्दशः 'स्नानाचे ठाणे', असे म्हणतात. महाबळेश्वर आणि माथेरान ही ठिकाणे ज्या अर्थाने 'हिल स्टेशन' ठरली, त्याच अर्थाने ही समुद्रकाठची स्टेशने होत. दोहोंच्या मुळाशी डॉक्टरांचा सल्ला, हवापालटाची कल्पना आणि शहरातून काही आठवड्यांसाठी बाहेर पडू शकणारा सधन वर्ग या तीन गोष्टी होत्या, आणि दोहोंची वाढही एकाच शतकातली आहे.

समुद्रकाठचे गाव म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कोळीवाडा, वाळत घातलेली जाळी आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या येतात, आणि पर्यटक तेथे नंतर येऊन पोहोचले असावेत असे गृहीत धरले जाते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील पुष्कळ स्नानग्रामांच्या बाबतीत ते खरेही आहे. आर्दलोची गोष्ट मात्र वेगळी आहे. येथे कोळ्यांची जुनी वस्ती नव्हती, बंदर नव्हते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पुळणीलगत गाव म्हणावे असे काहीच नव्हते. होत्या त्या वाळूच्या टेकड्या, त्यांच्या मागची दलदल आणि त्या दोहोंमध्ये बिळे करून राहणारे ससे. जी जमीन शेतकरी फुकटही घेत नव्हता, तिचे चौरस मीटरवर भाव कसे ठरू लागले, हा या गावाच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना संस्थापक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या इंग्रज उद्योजकाच्याही बरेच मागे जावे लागते.

या किनाऱ्याचा स्वभाव आधी समजून घेतला पाहिजे. इंग्लिश खाडी येथे अरुंद होत जाते, त्यामुळे भरती-ओहोटीचे पाणी दाटून चढते आणि उधाणाच्या दिवसांत बुलोनजवळ पाण्याच्या पातळीत आठ मीटरच्या आसपास फरक पडतो. मुंबईच्या उधाणापेक्षा हा फरक साधारण दुप्पट म्हणता येईल. किनारा सपाट असल्यामुळे ओहोटीला समुद्र फार दूर जातो आणि ओल्या, घट्ट वाळूचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. त्याचा वरचा थर उन्हाने व वाऱ्याने सुकला की पश्चिमेकडून सतत वाहणारा वारा ती कोरडी वाळू उचलून जमिनीकडे ढकलू लागतो, आणि वाटेत झुडूप, काटकी, शिंपला असा कोणताही अडथळा आला की त्याच्या आडोशाला ती साचते. टेकडी अशीच तयार होते. परंतु तिला बांधून ठेवणारे काही नसेल तर तीच टेकडी वाऱ्यासरशी आत सरकू लागते, आणि मग शेते, पायवाटा, ओढे एकेक करून तिच्या पोटात जातात. या मुलुखातल्या शेतकऱ्याच्या लेखी समुद्रकाठची वाळू सौंदर्याची वस्तू नव्हती. ती दरवर्षी हातभर पुढे येणारी शत्रू होती.

त्या शत्रूला अडवण्याचे काम एका गवताने केले. फ्रेंच भाषेत त्याला 'ओया' म्हणतात. सुईसारखी टोकदार, करड्या हिरव्या रंगाची त्याची पाती उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात आतल्या बाजूला गुंडाळली जातात, त्यामुळे पानातली ओल टिकते. आणि त्याचे आडवे, जमिनीखालून पसरणारे खोड वाळूत गाडले गेले की मरत नाही, उलट वर चढून नवी पाती काढते. जितकी वाळू अंगावर पडेल तितके हे गवत जोमाने वाढते, आणि जितके ते वाढेल तितकी वाळू त्याच्या मुळ्यांच्या जाळ्यात अडकते. कोकणच्या पुळणीवर मर्यादवेल जे काम करते, तेच येथे ओया करते. लागवडीची रीत जुनी आणि सोपी आहे. हिवाळ्यात, वाळू ओलसर असताना, जुन्या बेटातून ओयाच्या जुड्या उपटून घेतात. फावड्याने वीतभर खोल चीर पाडून तिच्यात मूठभर जुडी उभी करतात, टाचेने वाळू दाबतात, आणि पुढची ओळ आधीच्या ओळीतल्या मोकळ्या जागांसमोर येईल अशी तिरपी मांडणी करतात, म्हणजे वाऱ्याला सरळ वाट मिळत नाही. जेथे वारा फार, तेथे काटक्यांची कुंपणे घालतात. काम वाकून करायचे, थंडीत करायचे, आणि एका वादळाने निम्मे उखडले तर पुन्हा करायचे. १४ डिसेंबर १८१० रोजी नेपोलियनच्या सरकारने वाळूच्या टेकड्यांवर लागवड करण्यासंबंधी जो हुकूम काढला, त्यामुळे या खटाटोपाला राज्याचे पाठबळ मिळाले. गवताने वाळू स्थिरावली की तिच्या मागे पाइन वृक्ष लावता येत. आर्दलोच्या दक्षिणेला असलेल्या तुके येथे पॅरिसचा एक नोटरी आल्फाँस दालोज याने १८३७ मध्ये वाळूची मोठी जमीन विकत घेतली आणि १८५५ पासून तिच्यावर पाइनची राने उभी केली. पुढे ज्याला 'रानाच्या कुशीतला समुद्रकिनारा' म्हणून जाहिरातींतून मिरवले गेले, ते रान अशा रीतीने माणसाच्या हाताने लावलेले होते.

वाळू स्थिर झाली, तरी तिच्यावर राहायला कोणी यावे याला कारण लागते, आणि ते कारण वैद्यकाने पुरवले. समुद्राच्या थंड पाण्यात बुडी मारणे आरोग्याला हितकर आहे, ही कल्पना अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये रुजली, डॉ. रिचर्ड रसेल याने १७५० मध्ये गंडमाळेवर, म्हणजे मानेच्या गाठी सुजण्याच्या विकारावर, समुद्रजलाचा उपचार सांगणारा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला आणि त्याच्या प्रभावाने ब्रायटन हे गाव भरभराटीला आले. समुद्रापलीकडून ही चाल फ्रान्समध्ये उतरली ती स्वाभाविकपणेच खाडीच्या काठाने. दिएप या नॉर्मंडीतल्या बंदराला १८२४ पासून डचेस ऑफ बेरी ही राजघराण्यातील स्त्री उन्हाळ्यात येऊ लागली आणि समुद्रस्नानाला दरबारी प्रतिष्ठा लाभली.

त्या काळचे समुद्रस्नान आजच्या पोहण्याशी जुळणारे नव्हते. स्नान करणारी व्यक्ती लाकडी खोलीवजा गाडीत बसे. घोडा ती गाडी कमरेइतक्या पाण्यापर्यंत ओढून नेई. आत कपडे बदलून, अंगभर लोकरी पोशाखात, ती व्यक्ती मागच्या पायऱ्यांनी पाण्यात उतरे. तेथे 'बेन्यर' नावाचा धंदेवाईक मदतनीस उभा असे. बहुधा स्थानिक कोळ्यांपैकीच असलेला हा माणूस रुग्णाला दोन्ही हातांवर आडवे धरून नेमक्या फुटणाऱ्या लाटेखाली डोक्याकडून बुडवी आणि क्षणात वर काढी. याला 'लाटेचे स्नान' म्हणत. थंडीचा आणि लाटेचा तो धक्का हेच औषध मानले जात होते. किती बुड्या, किती मिनिटे, भरतीला की ओहोटीला, हे डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देई. ऐन उन्हाळ्यातही या समुद्राचे पाणी क्वचितच वीस अंशांवर जाते हे ध्यानात घेतले, तर सुखासाठी कोणी तेथे गेले नसते हे उघड आहे. समुद्र आधी औषध होता. त्याचा आनंद व्हायला दोन पिढ्या जाव्या लागल्या. आर्दलोच्या दक्षिणेस असलेल्या बेर्क या गावी औषधाची ही बाजू शेवटपर्यंत टिकली. तेथील सागरी रुग्णालयाचे उद्घाटन १८६९ मध्ये सम्राज्ञी युजेनी हिच्या हस्ते झाले, आणि हाडांच्या क्षयाची मुले उताण्या स्थितीत झोपवून ठेवणाऱ्या लांबट गाड्यांतून पुळणीवर आणली जात, कारण महिनोन् महिने हलायचे नाही आणि समुद्राची हवा घ्यायची, एवढाच उपाय प्रतिजैविके येण्यापूर्वी हाताशी होता.

१८४८ मध्ये पॅरिसहून निघालेला लोहमार्ग आमियाँमार्गे बुलोनपर्यंत पोहोचला आणि नफशातेल त्याच मार्गावर आले. सुमारे अडीचशे किलोमीटरचा जो प्रवास घोड्यांच्या गाडीने जिवावर येत असे, तो काही तासांचा झाला. दुसऱ्या दिशेने इंग्रज येतच होते. नेपोलियनच्या युद्धांनंतर बुलोन हे इंग्रजांचे जवळजवळ दुसरे घर बनले होते, कारण तेथे राहणे स्वस्त होते आणि मायदेश दोन-तीन तासांच्या बोटप्रवासावर होता. चार्ल्स डिकन्सने १८५३, १८५४ आणि १८५६ या वर्षांचे उन्हाळे तेथे काढले, १८५४ मध्ये आपल्या नियतकालिकात त्या गावाविषयी निबंध लिहिला, आणि पुढे १८६० च्या दशकात तो आर्दलोच्या किल्ल्यालगतच्या काँदेत या खेड्यात मुक्कामाला येत राहिला.

या किल्ल्याचा उल्लेख येथेच करणे योग्य होईल, कारण आर्दलो हे नाव मुळात त्याचे आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात बुलोनचा सरदार फिलिप युर्पेल, जो फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याचा मुलगा होता, त्याने दलदलीच्या काठावर हा किल्ला बांधला. पुढे तो पडझडीला आला आणि एकोणिसाव्या शतकात सर जॉन हेअर या इंग्रज गृहस्थाने ते अवशेष विकत घेऊन जुन्या तटांच्या आत, इंग्लंडच्या ट्यूडर राजवटीतील शैलीचे अनुकरण करणारा, कंगोरेदार भिंतींचा वाडा उभारला. फ्रेंच पायावर इंग्रज घर, असे त्याचे वर्णन करता येईल, आणि पुढच्या शंभर वर्षांचा या परिसराचा इतिहास त्या एका वास्तूत आधीच सूचित झालेला दिसतो.

त्या वाड्याचा नंतरचा मालक जॉन रॉबिन्सन व्हिटली (१८४३–१९२२) हा आर्दलोचा संस्थापक मानला जातो. लीड्सचा हा अभियंता मोठमोठी प्रदर्शने भरवण्याच्या उद्योगात नावारूपाला आला होता. लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथे त्याने १८८७ मध्ये अमेरिकन प्रदर्शन भरवले, ज्यात बफेलो बिलचा घोडेस्वारांचा खेळ पाहायला खुद्द व्हिक्टोरिया राणी आली होती. त्यापाठोपाठ १८८८ मध्ये इटालियन, १८९० मध्ये फ्रेंच आणि १८९१ मध्ये जर्मन प्रदर्शन त्याने पार पाडले. मोकळ्या जागेवर काही महिन्यांसाठी एक संपूर्ण नगर उभे करायचे, त्याची जाहिरात करायची, आगगाड्यांनी माणसे आणायची आणि ती रमतील अशी व्यवस्था ठेवायची, हे त्याचे कसब होते. वाळूवर गाव वसवणे हे त्याच कसबाचे कायमस्वरूपी रूप होते, आणि या दृष्टीने पाहिले असता अभियंत्याने प्रदर्शनांतून स्नानग्रामांकडे वळणे हा योगायोग राहत नाही.

त्याचा पहिला प्रयत्न तुके येथे होता. १८९० च्या दशकात इंग्लंडच्या राजकन्या मे हिच्या नावावरून 'मेविल' नावाचे क्रीडानगर वसवण्याची त्याची योजना फसली. विसाव्या शतकाच्या आरंभी ॲलन स्टोनहॅम या भागीदारासह त्याने दालोजच्या वारसांची मालमत्ता घेतली, परंतु दोघांचे जमले नाही आणि व्हिटली तेथून बाहेर पडला. १९०४ च्या एप्रिलमध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात 'आँतांत कोर्दियाल', म्हणजे सौहार्दाचा समझोता, झाला. शतकानुशतके परस्परांशी लढलेल्या दोन राष्ट्रांनी वसाहतींवरचे वाद मिटवले. व्हिटलीने त्या मैत्रीवर मनापासून विश्वास ठेवला होता आणि १९०५ पासून आर्दलोच्या पुळणीवर त्याने जे काम हाती घेतले, ते दोन्ही देशांच्या सुखवस्तू कुटुंबांनी खेळाच्या निमित्ताने एकत्र राहावे या कल्पनेने. धंदा आणि ध्येय यांची सरमिसळ त्याच्यात होती. धंद्याच्या मागचे ध्येय दिखाऊ होते असे मानण्याचे मात्र कारण नाही, कारण त्याने स्वतःचे घर त्याच वाळूच्या मागे केले होते.

अशा गावाची उभारणी ज्या यंत्रणेने होई, तिला फ्रेंच भाषेत 'लोतिस्माँ' म्हणतात. मराठीत आज सर्रास 'प्लॉटिंग' म्हटले जाते ते हेच. कंपनी सलग जमीन घेई, पुळणीच्या डोक्यावर लाटा थोपवणारा बांध घाली, त्यालाच 'दीग' असे नाव असून त्यावरूनच संध्याकाळचे फिरणे होई. त्याच्या मागे रस्ते आखले जात. ते शहरातल्यासारखे काटकोनात न आखता टेकड्यांच्या चढउताराप्रमाणे वळवले जात, कारण राहणाऱ्याला आपण रानात आहोत असे वाटले पाहिजे. खरेदीखताला नियमांची वही जोडलेली असे आणि घर रस्त्यापासून किती आत असावे, कुंपण कसे असावे, झाडे किती राखावीत, दुकान वा कारखाना काढू नये, अशा अटी तीत घातल्या जात. सार्वजनिक कायद्याच्या कितीतरी आधी खासगी कराराने नगररचना घडवली जात होती, ही गोष्ट नगररचनेच्या अभ्यासकांनी जितकी लक्षात घ्यायला हवी तितकी घेतलेली नाही. घरांची धाटणी मिश्र होती. उंच उतरती कौलारू छपरे, दर्शनी भिंतीवर लाकडी चौकटींचा देखावा, समुद्राकडे उघडणारे सज्जे, अशी जी शैली नॉर्मंडी आणि इंग्लंड या दोहोंची उसनवारी करून तयार झाली, तिला 'अँग्लो-नॉर्मन' म्हणतात. याच सुमारास, १९११ मध्ये, एदुआर लेव्हेक या चित्रकाराने या साऱ्या किनाऱ्याला त्याच्या बदलत्या दुधी प्रकाशावरून 'कोत द ओपाल', म्हणजे उपलरत्नाचा किनारा, असे नाव दिले, आणि ते कायम झाले.

आर्दलोची पुळण नव्या शतकाला आणखी एका कारणासाठी हवीशी वाटली. आरंभीच्या विमानांना धावपट्टी नव्हती. त्यांना हवे होते लांब, सपाट, झाडेविरहित, पडल्यास फारसे न लागणारे मैदान आणि समोरून येणारा एकसारखा वारा. ओहोटीची पुळण ही अशी तयार धावपट्टी होती. बेर्कच्या वाळूच्या टेकड्यांवरून गाब्रियेल व्हाज्यँ याने १९०४ मध्ये ग्लायडर उडवले होते. २५ जुलै १९०९ रोजी कॅलेजवळून उड्डाण करून सुमारे ३७ मिनिटांत इंग्लंडच्या डोव्हरला उतरलेला लुई ब्लेरियो हा तर आर्दलोचा उन्हाळी रहिवासीच होता. वाऱ्याच्या बळावर वाळूवर धावणारी शिडाची गाडी त्याने येथे विकसित केली आणि 'विमान' व 'पुळण' या अर्थांच्या दोन फ्रेंच शब्दांचा सांधा जुळवून तिला 'एरोप्लाज' असे नाव दिले. शिडाच्या गाड्या या किनाऱ्यावर आजही धावतात; ओहोटीच्या वेळा पाहून त्यांच्या शर्यती लागतात.

ब्लेरियोच्या शेजारी ज्या कुटुंबाचे उन्हाळी घर होते, त्याच्यामुळे आर्दलोचा धागा मुंबईशी जुळतो. रतनजी दादाभाई टाटा आणि त्यांची फ्रेंच पत्नी सुझान ब्रियेर यांचा मुलगा जहांगीर, म्हणजे पुढे साऱ्या भारताला ठाऊक झालेले जे. आर. डी. टाटा, २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मले आणि त्यांच्या बालपणीचे उन्हाळे या पुळणीवर गेले. ब्लेरियोचा मुख्य वैमानिक आदोल्फ पेगू, ज्याने १९१३ मध्ये विमानाची उभी कोलांटी घेऊन युरोपला थक्क केले, तो आपले विमान याच वाळूवर उतरवीत असे. कापड, लाकूड आणि तारा यांनी बनलेले ते यंत्र डोळ्यांसमोर खाली येते आणि चाकांच्या रेघा ओल्या वाळूवर उमटवीत थांबते, हे दृश्य नऊ-दहा वर्षांच्या मुलाने जितक्या जवळून पाहिले तितक्या जवळून त्या काळी जगातल्या फार थोड्या मुलांना पाहायला मिळाले असेल. १९१९ मध्ये, पंधराव्या वर्षी, आर्दलोच्या पुळणीवरूनच त्यांनी प्रथम विमानातून फेरी मारली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणले आणि ते मुंबईत उतरले तेही समुद्राला लागूनच, जुहूच्या चिखलमातीच्या मैदानावर, जे पावसाळ्यात पाण्याखाली जात असल्यामुळे त्या दिवसांत उड्डाणे पुण्याला हलवावी लागत. भारतीय नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासात जुहूला जे स्थान आहे, त्याच्या आधीची पायरी म्हणून आर्दलोचे नाव घेतले गेले पाहिजे.

पहिल्या महायुद्धाने स्नानग्रामांचा हंगाम थांबवला. बुलोन हा ब्रिटिश सैन्याचा तळ बनला, १९१४ च्या हिवाळ्यात जखमी भारतीय सैनिकही तेथील रुग्णालयांत आणले गेले, आणि जवळच्या एताप्ल येथील दफनभूमीत दहा हजारांहून अधिक सैनिक विसावले आहेत. व्हिटलीचे १९२२ मध्ये निधन झाले. खेळाची त्याची कल्पना मात्र रुजली होती. १९३१ मध्ये टॉम सिम्पसन या नामवंत आखणीकाराने पाइनच्या रानात गोल्फचे जे मैदान तयार केले, ते आजही खेळात आहे.

२० जून १९३६ च्या कायद्याने फ्रान्समधल्या प्रत्येक कामगाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, ही घटना या किनाऱ्यासाठी कोणत्याही उद्योजकाच्या योजनेपेक्षा मोठी ठरली. लेओ लाग्राँज या मंत्र्याने रेल्वे तिकिटात चाळीस टक्के सवलत मिळवून दिली आणि खाणीत, गिरणीत काम करणाऱ्या कुटुंबांनी त्या उन्हाळ्यात समुद्र प्रथमच पाहिला. उत्तर फ्रान्सच्या कोळसाखाणी या पुळणीपासून फार दूर नव्हत्या, तरी ते अंतर कापायला कायदा व्हावा लागला. खासगी कराराने राखलेल्या शांत बंगल्यांच्या गावाला हा बदल सहज पचला नसावा. परंतु समुद्रावर सर्वांचा हक्क आहे हे तत्त्व त्या उन्हाळ्यापासून मागे घेता आले नाही.

चारच वर्षांनी जर्मन सैन्य आले. मित्रराष्ट्रे फ्रान्सवर उतरणार ती खाडीच्या सर्वांत अरुंद भागातच, अशी जर्मनांची खात्री असल्यामुळे या किनाऱ्यावर त्यांनी काँक्रीटचे तळघरवजा बुरूज, काटेरी तारा आणि सुरुंग यांची जी दाट फळी उभारली, ती 'अटलांटिक भिंत' या नावाने ओळखली जाते. जी पुळण विमानाला सोयीची होती ती हल्लेखोर बोटीलाही सोयीची होती, हा वाळूचा गुण आता गावाच्या मुळावर आला. २१ आणि २२ एप्रिल १९४२ च्या मधल्या रात्री लॉर्ड लव्हॅटच्या नेतृत्वाखाली सुमारे शंभर ब्रिटिश कमांडो आर्दलोच्या वाळूवर उतरले. 'ऑपरेशन ॲबरक्रॉम्बी' असे त्या छाप्याचे नाव होते. सोबतच्या कॅनेडियन तुकडीच्या बोटी अंधारात वाट चुकल्या आणि किनाऱ्याला लागल्याच नाहीत. कमांडोंनी तारा कापून टेकड्यांत टेहळणी केली, पण सर्चलाइटच्या ठाण्यावर हल्ला करण्याइतका वेळ हाती उरला नाही आणि ते परतले. २२ सप्टेंबर १९४४ रोजी कॅनेडियन सैन्याने बुलोन मुक्त केले, तेव्हा किनाऱ्यावर सुरुंग होतेच. सुरुंग काढण्याच्या राष्ट्रीय मोहिमेचे प्रमुखपद प्रतिकारचळवळीतले रेमाँ ओब्राक यांच्याकडे होते, आणि साऱ्या फ्रान्समध्ये मिळून सुमारे १ कोटी ३० लाख सुरुंग काढण्यात आले. त्या कामात जर्मन युद्धकैदीही जुंपले गेले आणि पुष्कळांनी प्राण गमावले. मुलांना वाळूचे किल्ले पुन्हा करता यावेत यासाठी ती वाळू आधी सळईने टोचून वीत वीत तपासावी लागली होती.

भरपगारी रजा १९५६ मध्ये तीन, १९६९ मध्ये चार आणि १९८२ मध्ये पाच आठवड्यांची झाली, मोटारी घरोघरी आल्या, आणि युद्धात पडलेल्या बंगल्यांच्या जागी समुद्राकडे तोंड करून सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. एका बंगल्याच्या जागेत पन्नास कुटुंबांना समुद्र दिसू लागला, हे त्या इमारतींच्या बाजूने सांगता येते. टेकड्यांचा उतार, वळणदार रस्ते आणि झाडे यांचा मेळ मात्र समुद्राच्या बाजूला त्यांनी मोडला, हेही तितकेच स्पष्टपणे नोंदले पाहिजे. या बांधकामाच्या लाटेला आवर घालण्यासाठी १९७५ मध्ये 'काँझेर्व्हातुआर द्यु लितोराल', म्हणजे किनारपट्टीची जमीन विकत घेऊन ती कायमची मोकळी राखणारी सरकारी संस्था, स्थापन झाली; आणि ३ जानेवारी १९८६ च्या किनारा कायद्याने वस्तीबाहेरच्या भागात भरतीरेषेपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यास मनाई केली. आर्दलोच्या उत्तरेकडील एको आणि दक्षिणेकडील मों सें-फ्रिय येथील टेकड्या आज अशा संरक्षणाखाली आहेत. किल्ल्यात दोन्ही देशांच्या मैत्रीला वाहिलेले सांस्कृतिक केंद्र चालते आणि त्याच्या आवारात २०१६ मध्ये शेक्सपिअरकालीन धर्तीचे लाकडी नाट्यगृह उघडले.

आर्दलोचे श्रेय व्हिटलीला दिले जाते आणि ते रास्तही आहे, कारण गावाची आखणी, त्याचा प्रचार आणि त्याची प्रतिष्ठा ही त्याची कमाई होती. परंतु सरकत्या वाळूवर आखणी करता येत नाही, आणि ती वाळू त्याच्या हाती आली तेव्हा तिला बांधून ठेवण्याची विद्या या किनाऱ्यावर जुनी झाली होती. ती हिवाळ्याच्या ओल्या सकाळी ओयाच्या जुड्या रोवणाऱ्या मजुरांची विद्या होती, आणि गावाच्या संस्थापकांत त्यांची गणना व्हायला हवी. बंगले पडले आणि उठले, बांध फिरून घातला गेला, मालक बदलले. टेकड्या मात्र जेथे गवत आहे तेथेच उभ्या आहेत, आणि जेथे पायांनी तुडवून ते नाहीसे झाले आहे तेथे वारा वाळू घेऊन पुन्हा आत शिरू लागतो. म्हणून या किनाऱ्यावर ओयाची लागवड अजून होते, आणि ती आजही मुख्यतः फावडे, मूठभर जुडी आणि टाच यांनीच केली जाते.